अर्धा रोज आणि एक दिनार

नाशिक रोडला राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आलं आहे. दिंडोरी तालुक्यात सासरची तीन एकर द्राक्षबाग. बाग पती बघतात, मजुरांची हजेरीवही ताई लिहितात. चर्चमध्ये त्या वाचक आहेत, म्हणजे मिस्सेत (रविवारच्या उपासनेत) बायबलमधले उतारे मोठ्याने वाचतात. २४ सप्टेंबर २०२३ च्या रविवारी पहिलं वाचन त्यांनी केलं. त्या दिवशीचं शुभवर्तमान द्राक्षमळ्यातल्या मजुरांचं होतं: तासभर राबलेल्यालाही दिवसभर राबलेल्याइतकीच मजुरी. त्याच आठवड्यात छाटणीमागोमाग पेस्ट (वेलीचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून लावायचं औषध) लावायला पेठकडची टोळी आली. चार बायका ज्या जीपमध्ये होत्या ती रखडली, आठच्या ऐवजी साडेदहाला काम सुरू झालं. पतींनी त्यांचा अर्धा रोज कापला आणि ताईंनी वहीत तसंच लिहिलं. "चर्चचं चर्चमध्ये, बागेचं बागेत," हे पतींचं म्हणणं. यंदा २० सप्टेंबरला तीच वाचनं पुन्हा आहेत आणि यादीत नाव पुन्हा ताईंचंच लागलं आहे. त्या विचारतात: सगळ्यांना सारखी मजुरी द्यायची का? दिली तर वेळेवर येणारे बिघडतील, गाव म्हणेल भाव खराब केला. द्यायची नसेल तर मी कुठल्या तोंडाने वाचू? नाव काढून घेऊ का? आणि रविवारी ऐकलेलं बुधवारपर्यंत पुसलं जातं, त्याला काय करू?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात एक वाक्य तीनदा आलं आहे: "त्या चौघी उशिरा आल्या." उशिरा आली ती जीप. हजेरीवहीत जीपचं नाव नसतं, बायकांची असतात, म्हणून खाडा त्यांच्या नावावर पडला. तुमच्या मनाला तीन वर्षं टोचतंय ते इथलंच असावं असं वाटतं. सारखी मजुरी हा त्यानंतरचा प्रश्न.

आता मत्तयच्या शुभवर्तमानाचा २०वा अध्याय समोर घ्या. मळ्याचा धनी दिवसातून पाच वेळा बाजारात जातो: पहाटे, मग आपल्या घड्याळाने साधारण नऊ, बारा, तीन आणि पाचला. त्याच्याकडे कारभारी आहे, पैसे वाटायच्या वेळी तो कथेत येतोही. तरी माणसं बघायला धनी स्वतः जातो. पाच वाजता भेटलेल्यांना तो विचारतो, दिवसभर इथे रिकामे का उभे आहात? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामालाच लावलं नाही. धनी उलटतपासणी घेत नाही. जा, तुम्हीही मळ्यात जा, एवढंच म्हणतो. मजुरीचा औदार्याचा भाग संध्याकाळी येतो, पण त्याआधी हा प्रश्न आणि हे ऐकून घेणं येतं. तुमच्या बागेत त्या दिवशी 'का उशीर झाला' हे चौघींना कोणी विचारलं, असं पत्रात कुठे दिसत नाही.

दुसरी गोष्ट. हा दृष्टांत म्हणजे मजुरीचा दरतक्ता आहे, असं तुम्ही धरून चालला आहात. तसं नाही. पहाटेच्या मजुरांशी धन्याने एक दिनार ठरवला आणि तो पुरता दिला. नऊच्या मजुरांना 'जे योग्य ते देईन' म्हणाला. कोणाचा ठरलेला पैसा त्याने कमी केला नाही. कथेचा काटा आहे तो सकाळच्यांच्या कुरकुरीत. येशूने ही कथा का सांगितली तेही रविवारी कळत नाही, कारण वाचनात आधीचा भाग येतच नाही. आदल्या रविवारी १८व्या अध्यायातला निर्दय चाकराचा दृष्टांत होतो आणि एकदम २०वा अध्याय उघडतो. मधल्या १९व्यात, २७व्या वचनात, शिष्य पेत्र येशूला विचारतो: आम्ही सगळं सोडून तुमच्यामागे आलो, आम्हाला काय मिळणार? द्राक्षमळ्याची कथा हे त्या हिशेबी प्रश्नाचं उत्तर आहे. आणि कथा संपते न संपते तोच जब्दीच्या मुलांची, म्हणजे येशूच्याच दोन शिष्यांची, आई त्यांच्यासाठी उजव्या-डाव्या बाजूच्या जागा मागायला येते. म्हणजे सकाळपासून राबलेले मजूर कोण, तर पेत्र आणि मंडळी. आज आपण नेमाने मिस्सेला येणारे.

याचा अर्थ 'हे सगळं स्वर्गाबद्दल आहे, मजुरीशी संबंध नाही' असा काढून मोकळं होता येतं, आणि बरेच जण होतात. पोप ग्रेगरी महान यांनी सहाव्या शतकातल्या प्रवचनात त्या पाच वेळांचा अर्थ जगाच्या युगांशी आणि माणसाच्या वयाच्या टप्प्यांशी लावला होता. ती वाट जुनी आणि मान्यवर आहे. पण कथेतली रक्कम उगाच निवडलेली नाही. दिनार हे रोमी चांदीचं नाणं, मजुराच्या एका दिवसाच्या मजुरीएवढं. तासभराच्या कामाचा म्हणून त्याचा बारावा हिस्सा घरी नेला असता तर चूल पेटली नसती. धनी घड्याळ बघत नाही, त्या घरची संध्याकाळ बघतो. आणि ऐकणाऱ्यांना नियमशास्त्र पाठ होतं: बायबलमधलं अनुवाद हे पुस्तक, अध्याय २४, वचनं १४ आणि १५, गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यात गुंतलेला असतो. 'बागेचं बागेत' म्हणणाऱ्या तुमच्या यजमानांना हे कधीतरी सांगायला हरकत नाही की मोशेच्या नियमशास्त्रातच एक हजेरीवही आहे.

तेव्हा सगळ्यांना, कायम, सारखंच द्यायचं का? माझं मत, नाही. निदान असं डोळे झाकून नाही. पेस्ट छाटणीनंतर एक-दोन दिवसांत लागायला हवी, नाहीतर डोळे मागेपुढे फुटतात आणि पुढचा सगळा हंगाम विस्कटतो. उशीर तुमच्या यजमानांना खरोखर महाग पडतो. ते कंजूष म्हणून चिडले नव्हते. शिवाय आठला हजर झालेल्या बाईला काहीही न सांगता संध्याकाळी सारखी रक्कम वाटली, तर तिला ते औदार्य वाटणार नाही, आपली फसवणूक वाटेल. कथेतला धनी मुद्दाम शेवटच्यांना आधी पैसे देतो, म्हणजे पहिल्यांना ते दिसावं. तो गोष्ट सांगण्याचा डाव आहे. बागेत तो करायला जाऊ नका.

दुसरी पळवाट म्हणजे घरखर्चातून गुपचूप काढून त्या बायकांच्या हातात काहीतरी ठेवणं. पत्रात तुम्ही तसं सुचवलं आहे. त्यात दोन अडचणी आहेत. वहीत खाडा तसाच राहतो, म्हणजे चूक दुरुस्त होत नाही, फक्त झाकली जाते. आणि यजमानांच्या पाठीमागे केलेला न्याय घरात दुसरा अन्याय उभा करतो.

त्यापेक्षा जरा आकडेमोड करा. समजा रोज ४०० रुपये आणि काम आठ तासांचं. तासाला ५० झाले. अडीच तास गेले तर कपात व्हायला हवी १२५ रुपये. अर्धा रोज म्हणून कापले २००. म्हणजे प्रत्येकीचे ७५ रुपये तुमच्याकडे जास्तीचे राहिले, चौघींचे ३००. हे ३०० दान नाहीत, देणं आहे. त्यांनी केलेल्या कामाचेच ते पैसे. उरलेले चौघींचे ५००, जे जीप रखडल्यामुळे गेले, ते द्यायचे की नाही हा औदार्याचा प्रश्न. दृष्टांत बोलतो तो या ५०० बद्दल. पण बहुतेक घरांत ३०० चं देणं न फेडता ५०० च्या दयेवर चर्चा चालते. याकोबाच्या पत्रात (५:४) अडवून ठेवलेली मजुरी ओरडते असं म्हटलंय, ती ओरड ३०० ची आहे. तुमच्याकडचा खरा दर घालून हा हिशेब यजमानांसमोर मांडा. वचन नको, वही ठेवा. आणि वेळ निवडा: मिस्सेहून आल्यावर जेवताना नव्हे, पेस्टच्या घाईतही नव्हे. छाटणीआधी मुकादमाशी भाव ठरतो ना, त्याच्या आदल्या संध्याकाळी.

भाव ठरतानाच चार गोष्टी बोलून घ्या.

उशिराची कपात तासावर, अर्ध्या रोजावर नाही. गाडी तुमच्या किंवा मुकादमाच्या व्यवस्थेतली असेल आणि ती रखडली तर बायकांचा रोज पूर्ण. नुकसान गाडीभाड्यातून वळतं करायचं, हे गाडीवाल्याला आधी माहीत हवं. हा नियम पहिल्या दिवशी सगळ्या टोळीसमोर मोठ्याने सांगा. सकाळच्या मजुरांची कुरकुर कथेत होते कारण त्यांना संध्याकाळपर्यंत काही माहीत नव्हतं. आधी सांगितलेल्या नियमावर कोणी फार कुरकुरत नाही. उलट, उद्या आपलीही गाडी रखडू शकते हे प्रत्येकीला ठाऊक असतं.

पैसे नावानिशी, हातात. मुकादमाची दलाली वेगळी लिहा, वेगळी द्या. टोळीने हंगामाआधी उचल घेतलेली असेल तर तिची किती वळती होते हे त्या बाईला दिसेल असं लिहा. तिला वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. तुम्ही वाचक आहात, हेही वाचनच आहे. रोजच्या रोज देणं जमत नसेल, आठवडी बाजाराला हिशेब करायची पद्धत असेल, तर बाजाराच्या आदल्या संध्याकाळी द्या. बाजार उठल्यावर मिळालेले पैसे त्या आठवड्याच्या किराण्याला कामाचे नसतात.

पुरुष-बाईचा दर एकाच कामाला एकच. देशात तसा कायदा १९७६ पासून आहे, त्यामुळे यात धर्माचा वेगळा आधार शोधत बसायला नको.

आणि हातमोजे. पेस्ट म्हणजे हायड्रोजन सायनामाइड, त्याने कातडी भाजते. दारू घेतलेल्या किंवा लगेच घेणार असलेल्या माणसाला ते जास्तच बाधतं, म्हणून टोळीतल्या पुरुषांना हे आधी बजावून ठेवावं. फाटका मोजा हा मोजा नसल्यापेक्षा वाईट, औषध आत साचून राहतं. औदार्य कुठून सुरू करावं असा प्रश्न पडला तर जोडीमागे एक जास्तीचा मोजा, इथून करा.

"पण टोळी कमी दरातही आनंदाने येते," असं तुम्ही लिहिलंय. येते, कारण घरात धान्य नसतं. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात हेच बजावलं: गरजेपोटी किंवा याहून वाईट होईल या भीतीपोटी मजुराने कमी मजुरी मान्य केली, तर तो जबरदस्तीचा बळी असतो. 'तिने हो म्हटलं होतं' एवढ्याने सुटका होत नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या चौघींचं काय? मुकादमाला विचारा, त्यातल्या एकदोघी अजून त्याच टोळीत असू शकतात. बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या ५व्या अध्यायात नुकसान भरून देताना मूळ रकमेत पाचवा हिस्सा घालायला सांगितलं आहे: ७५ चे ९० होतात. लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय चौपट देतो, पण तो लुबाडणुकीचा हिशेब होता. तुम्ही ९० ने सुरू करा. द्यायचे ते देणं म्हणून द्या, 'तुमचे राहिले होते' असं सांगून. भेट म्हणून नको, मिठाईच्या डब्यासोबत नको, प्रभूच्या नावानेही नको. देणं फेडताना देवाचं नाव घेतलं की समोरच्याला आभार मानावे लागतात. सापडल्याच नाहीत तर ती रक्कम चर्चच्या पेटीत टाकण्यापेक्षा याच टोळीच्या मोज्यांना लावावी, असं मला वाटतं.

आता वाचनाबद्दल. नाव काढून घेऊ नका. वाचक स्वतःच्या पवित्रतेचा दाखला देत उभा नसतो; तसं असतं तर त्या व्यासपीठावर रविवारमागून रविवार कोणीच दिसलं नसतं. पण तुमचं वाचन जरा नीट बघा. २० तारखेचं पहिलं वाचन यशया ५५:६ ते ९. 'माझे विचार तुमचे विचार नव्हेत' हे वाक्य बहुतेक वाचक गूढ, भारदस्त आवाजात वाचतात, जणू देव आपल्याला कळणारच नाही असं ते सांगतंय. मागचं सातवं वचन बघा: दुष्टाने आपली वाट सोडून परतावं, देव भरपूर क्षमा करील. आठवं त्यालाच जोडलेलं आहे. देवाचे विचार वेगळे आहेत ते क्षमेच्या बाबतीत. त्याचा हिशेब आपल्यापेक्षा सैल हाताचा आहे. म्हणून सातव्यानंतर लांब थांबू नका, श्वास घ्या आणि त्याच सुरात आठवं म्हणा. असं वाचलं की थोड्या वेळाने येणाऱ्या शुभवर्तमानाला दार उघडून ठेवल्यासारखं होतं. मधलं स्तोत्र १४५ तेच म्हणतं: परमेश्वर सर्वांना चांगला. दुसरं वाचन, फिलिप्पैकरांस पहिला अध्याय, मात्र या माळेत ओवायला जाऊ नका. सामान्य काळात पहिलं वाचन शुभवर्तमानाशी जुळवून निवडलेलं असतं, दुसऱ्या वाचनातलं पत्र आपल्या क्रमाने चालू असतं. तिन्हींची सांगड घालायच्या नादात पुष्कळ प्रार्थनागट दमून जातात.

बुधवारपर्यंत पुसलं जातं, याचं कारण साधं आहे: तुम्ही ते रविवारी पहिल्यांदा ऐकता. (तुमच्या वाट्याचं वाचन शनिवारी रात्री बघत असाल, पण शुभवर्तमान नाही.) आठवडा उलटा फिरवा. बुधवारी संध्याकाळी वीस मिनिटं, पुढच्या रविवारचं शुभवर्तमान. एकदा मोठ्याने वाचा. मग आधीची आणि नंतरची दहा-दहा वचनं, कारण कात्री तिथेच लागलेली असते. पुन्हा मूळ भाग वाचा आणि एवढंच बघा: कोण बोलतंय, कोण गप्प आहे, पैसा किंवा भाकरी कोणाच्या हातात आहे. मग पाच मिनिटं काहीच करू नका. हे सगळ्यात अवघड, आणि हेच गाळलं जातं. शेवटी एक ओळ लिहा, आणि तिच्यात माणूस, तारीख आणि जमल्यास रक्कम असू द्या. 'मी अधिक प्रेमळ होईन' ही ओळ बुधवारपर्यंत टिकत नाही. 'शुक्रवारी मुकादमाकडून चौघींची नावं घेणं' टिकते. एका आठवड्याला एकच. तीन लिहिल्या की एकही होत नाही.

रविवारची वाचनं अ, ब, क अशा तीन वर्षांच्या फेऱ्यात येतात. वर्ष कोणतं हे ओळखायला सालाला तीनने भागा: बाकी १ उरली तर अ वर्ष, म्हणजे मत्तय, २ उरली तर ब, मार्क, काही उरलं नाही तर क, लूक. २०२६ ला बाकी १ येते. नवं वर्ष आगमन काळाच्या पहिल्या रविवारी, नोव्हेंबर-डिसेंबरच्या सांध्यावर बदलतं. तेव्हा मोजायचं ते पुढचं साल. ज्यांच्या चर्चमध्ये १९९२ चा सुधारित सामायिक वाचनक्रम पाळतात, त्यांच्याकडेही त्या सुमारास हाच दृष्टांत येतो, फक्त जुन्या करारातलं वाचन वेगळं असू शकतं: निनवे शहराला क्षमा मिळाली म्हणून रुसून बसलेला संदेष्टा योना. तोही सकाळच्या मजुरांपैकीच.

बाग नसलेल्यांनी हे पत्र सोडून देऊ नये. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ठेकेदारामार्फत माणसं घेणाऱ्यांकडे गेटवर दहा मिनिटांसाठी अर्धा दिवस जातो. घरकामाला येणाऱ्या ताईंचा पावसामुळे पडलेला खाडा महिनाअखेरीला कापणारी आपलीच घरं आहेत. हिशेब तोच: आधी 'का' विचारणं, मग तासाची कपात, मग देणं आणि दान वेगळं करणं.

आणखी एक. अ वर्षात सलग तीन रविवार द्राक्षमळ्याचे असतात आणि ते नेमके आपल्या छाटणीच्या तोंडावर येतात. ४ ऑक्टोबरला यशया ५ आहे: दगड वेचून, उत्तम वेल लावून, माळा बांधून केलेली बाग, आणि हाती आली रानद्राक्षं. मूळ हिब्रूत तिथे शब्दांचा खेळ आहे. धन्याला हवा होता 'मिश्पात', न्याय. मिळाला 'मिस्पाख', रक्तपात. हवी होती 'त्सदाका', नीती. ऐकू आली 'त्सआका', आरोळी. बागायतदाराला हे गाणं समजावून सांगावं लागत नाही, तुमचे यजमान ते तुमच्याआधी समजतील.

मधला रविवार, २७ सप्टेंबर, त्यांच्यासाठीच असल्यासारखा आहे. एक मुलगा बापाला म्हणतो, मळ्यात जाणार नाही, आणि नंतर जातो. दुसरा म्हणतो, जातो महाराज, आणि जात नाही. 'बागेचं बागेत' म्हणून तुमचा हिशेब पहिल्यांदा धुडकावला गेला, तर लगेच निराश होऊ नका. वही टेबलावर उघडी राहू द्या. दोन-चार दिवसांनी ते स्वतःच गाडीवाल्याला फोन लावतील अशी शक्यता मला बरीच दिसते. तेवढा फोन मात्र छाटणी सुरू व्हायच्या आधी व्हायला हवा, कारण एकदा पेस्टची घाई लागली की जीपवाला म्हणेल ते भाडं आणि म्हणेल ती वेळ.